थाळी, पाटी आणि महागाई

बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या खालोखाल बोलणे होते ते महागाईचे. तेल वाढले, डाळ वाढली, शाळेचा खर्च वाढला. मग कुणीतरी म्हणते, "महागाई काय, पावसासारखी. आपल्या हातात थोडीच आहे?" आज आपण पन्नास वर्षांपूर्वीचा काळ पाहू. पाऊस कुणाच्या हातात नसतो, पण पाऊस न पडल्यावर काय करायचे, हे माणसेच ठरवतात. त्या ठरवण्यावर कुणाची चूल पेटणार आणि कुणाची विझणार, हे अवलंबून असते.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या घरातल्या आजीला नक्की आठवत असेल. त्याआधीची दोन वर्षेही पाऊस कमीच होता. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळाली, मुलांच्या हातावर सुकडी पडली. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाजारात धान्य अगदीच नव्हते असे नाही. ते महाग होते आणि गावातल्या माणसाच्या हातात पैसा नव्हता. शेतात काम नाही म्हणजे मजुरी नाही, मजुरी नाही म्हणजे धान्य नाही.

महाराष्ट्र सरकारने त्या वेळी नुसते धान्य वाटण्यावर न थांबता कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लाख माणसे या कामांवर होती. त्यात बायका फार मोठ्या संख्येने होत्या. डोक्यावर मातीची पाटी, काठावर झोळीत लेकरू, असे चित्र गावोगाव होते. कष्ट भयंकर होते, पण आठवड्याचा पगार हातात पडला की बाजार करता येत होता.

त्याच काळात मुंबईतल्या बायकांची तऱ्हा वेगळी होती. तिथे गिरणीचा, कारखान्याचा पगार होता, पण तो पुरत नव्हता. तेल, साखर, रॉकेल यांसाठी रांगा लागत. १९७२ मध्ये निरनिराळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाईविरोधी संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणालताई गोरे आणि प्रमिलाताई दंडवते, कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर आणि तारा रेड्डी, या सगळ्या एका रांगेत आल्या. हजारो बायका लाटणी घेऊन थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. कधी मंत्र्यांना घेराव घातला, कधी साठेबाजांच्या गोदामांवर धडक मारली. लोक त्याला लाटणे मोर्चा म्हणू लागले. घरखर्चाचा हिशेब हा राज्यकारभाराचाही विषय आहे, हे या बायकांनी चारचौघांत मांडले.

महागाई मात्र वाढतच गेली. दुष्काळ होताच. १९७१ च्या युद्धाचा आणि निर्वासितांचा खर्च होता. त्यात १९७३ च्या शेवटी परदेशातून येणारे खनिज तेल काही महिन्यांत जवळजवळ चौपट महागले. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे १०० रुपयांचा बाजार १२५ ला. मजुरी तीच राहिली, तर त्याच १०० रुपयांत जुन्या भावाने ८० रुपयांचाच माल घरी येणार. कुणी खिशात हात न घालता २० रुपये गेले.

यावर दिल्लीच्या सरकारने दोन मोठे निर्णय घेतले. एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने स्वतःकडे घेतला. व्यापारी साठेबाजी करतात, म्हणून त्यांना बाजूला करावे, हा हेतू. पण खरेदीचा भाव ठेवला क्विंटलला ७६ रुपये. बाहेर जास्त मिळत असताना शेतकरी त्या भावाने गहू का देईल? गहू सरकारकडे फार कमी आला आणि वर्षभरात निर्णय मागे घ्यावा लागला. हेतू चांगला होता, पण स्वस्ताईचा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकला होता.

दुसरा निर्णय १९७४ चा. लोकांच्या हातात पैसा कमी खेळावा म्हणून नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने ठेवीत अडकवला. नंतर किमती उतरल्या हे खरे, पुढचे पीक चांगले आल्याचाही त्याला हातभार होता. पण या निर्णयाचा भार पगारावर जगणाऱ्याने सोसला.

आता तिसरा निर्णय पाहा, तो आपल्या राज्याचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती की, काम मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ती करून पाहिली होती. दुष्काळाने तिची गरज सगळ्यांना पटवली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर. यासाठी पैसा कुठून आणला? १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लागला. तो मुख्यतः शहरातल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी भरला. म्हणजे ज्याच्याकडे कमाई होती त्याच्याकडून थोडे घेऊन ज्याला कामच नव्हते त्याला मजुरी दिली.

ही योजना दोषाशिवाय नव्हती. मोजमाप वेळेवर होत नसे, पगार रखडे, हजेरीपटावर खोटी नावे चढत. कायदा कागदावर असला तरी कामाची मागणी करणारी माणसे एकत्र आली तिथेच तो चालला. तरीही त्यातून पुढे २००५ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची वाट महाराष्ट्राने दाखवली होती.

तायांनो, या सगळ्यातून मला एक हिशेब शिकायला मिळाला. घरची सुबत्ता नुसत्या भावावर ठरत नाही. तराजूच्या एका पारड्यात भाव असतो, दुसऱ्यात आपली कमाई. मुंबईच्या बायका भावाच्या पारड्यासाठी भांडल्या, गावातल्या बायकांनी मजुरीच्या पारड्यासाठी पाटी उचलली. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणी तर दोन्हीकडे असतात. कांदा विकताना भाव चढा हवा, तेल घेताना उतरता हवा. म्हणून "स्वस्त करा" एवढेच म्हणून भागत नाही.

पुढे कुठलीही योजना, कर किंवा बंदी जाहीर झाली, तर गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. याने माझ्या घरचा बाजार किती बदलेल? याने माझी कमाई किती बदलेल? आणि याचा पैसा कोण भरणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सहसा नसते. ते ग्रामसभेत उभे राहून विचारावे लागते. ग्रामसभेची तारीख फळ्यावर लागली की वहीत लिहून ठेवा, आणि जाताना एकटीने जाऊ नका, गटाने जा.