विद्येसाठी समुद्रापार

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हे शेतीवर जगणारे गाव. याच जिल्ह्यात नर्सी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा नर्सीचे नाव घेते. नामदेव पंढरपूरला रमले, पुढे पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. दूरदेशी गेलेल्या माणसाचे या मातीला नवल नाही. आजचा प्रश्न मात्र निराळा आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेले लेकरू उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाऊ म्हणते. त्यासाठी शेत गहाण टाकावे काय, आणि गेलेले लेकरू परत येईल काय, अशी चिंता आईवडिलांना पडते. या चिंतेला उत्तर देण्याआधी आपण थोडे मागे वळून पाहावे, असे आम्हांस वाटते.

पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत दाखल झाले. तेथे शिकावयास गेलेले ते पहिले भारतीय होत. समुद्र ओलांडणे हे तेव्हा अनेक घरांत पाप समजले जाई आणि परतणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितले जाई. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, परंतु मायदेशी परतल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचा अंत झाला. विद्येची किंमत कधी प्राणांनीही मोजावी लागते, हे त्या पिढीने पाहिले.

चाळीस वर्षांनी, १९२२ साली, शंतनुराव किर्लोस्कर त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत यंत्र अभियांत्रिकी शिकावयास गेले. त्यांचे वडील लक्ष्मणराव यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून पुढे लोखंडी नांगर घडविला होता आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली होती. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले व वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. मराठवाड्यातील विहिरींवर धडधडणाऱ्या ऑइल इंजिनांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्या परदेशी शिक्षणाचे फळ वेगळे सांगावयास नको.

शंतनुराव परतले याचे श्रेय त्यांना आहेच. तथापि त्या काळी परतणे हाच बहुतेकांपुढील मार्ग होता, हे विसरता येत नाही. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला. १९४६ च्या कायद्याने तो मिळाला, परंतु वर्षाला सुमारे शंभर भारतीयांनाच तेथे स्थायिक होण्याची मुभा होती. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि शिकलेल्या, कुशल माणसांना दार उघडले. तेव्हापासून परतणे वा राहणे ही निवड झाली, आणि निवडीबरोबर घरादाराची घालमेलही आली.

त्याच सुमारास आपल्याकडे तंत्रशिक्षण वाढत होते. पवईचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने उभे राहिले. ग्वाल्हेरात जन्मलेले नरेंद्र करमरकर तेथून १९७८ साली पदवी घेऊन कॅलिफोर्नियात शिकले, बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९८४ साली त्यांनी रेषीय नियोजनाची नवी गणिती पद्धत मांडली. विमानांची वेळापत्रके किंवा दूरध्वनीचे जाळे आखताना असंख्य पर्यायांतून उत्तम पर्याय निवडावा लागतो. ते काम या पद्धतीने जलद होऊ लागले. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काम केले.

मराठवाड्याला या साऱ्याचा लाभ उशिरा मिळाला, कारण १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले होते. त्यांच्याच संस्थेने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्याच शहरात १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि १९८१ साली नांदेडला दुसरे. एकाच्या परदेशगमनातून हजारोंना घराजवळ शाळा मिळते, याहून मोठे परतणे कोणते?

आता वाट पुन्हा अरुंद होत आहे. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० व तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी ठरलेली असून, मागणी अधिक असल्याने अनेक वर्षे सोडत काढावी लागली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात परदेशातून मागवावयाच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. म्हणून पालकांना आमचे नम्र सांगणे आहे की, कर्ज काढताना तिकडच्या पगारावर भिस्त ठेवू नये. लेकरू पदवी घेऊन लगेच परतले तर येथील पगारातून ते फिटेल काय, हा हिशेब आधी मांडावा. तो जमत नसेल, तर शिष्यवृत्ती मिळेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

राहिला ताटातुटीचा प्रश्न. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी लिहिताना नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचे इजिप्तमधील वास्तव्य आदर्श म्हणून पुढे ठेवले. त्या प्रवासात योसेफ, मरिया आणि बाळ येशू एकत्र होते. आपली लेकरे एकटी जातात. म्हणून तेथे पोचताच त्यांनी जवळचे चर्च शोधावे आणि येथील धर्मग्रामाने मागे राहिलेल्या वृद्धांच्या दारी जावे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडहून गोव्याला आले, ते कधीच परतले नाहीत. परंतु त्यांनी या भूमीची भाषा आपली मानली आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापून तिचे ऋण फेडले. आपले लेकरू तेथे राहो वा परत येवो, ज्या मातीत ते राबेल त्या मातीला त्याने काही द्यावे आणि ज्या घराने त्याला वाढविले त्या घराची विचारपूस ठेवावी, एवढे मागण्याचा अधिकार आईवडिलांना निश्चित आहे. जाण्यापूर्वीच हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलून घ्यावे.