माइल्ड एल

माइल्ड एल : इंग्लंडमध्ये पिंपातच मुरवून पबमध्ये हातपंपाने वाढली जाणारी, कमी मद्यांशाची, सौम्य कडवटपणाची आणि बहुधा गडद रंगाची बिअर. तिचा मद्यांश आकारमानाने साधारणपणे ३ ते ३.८ टक्के असतो. काही मोजक्या माइल्ड ६ टक्क्यांपर्यंत जातात. फिकट रंगाची माइल्डही आढळते, परंतु प्रस्तुत नोंदीत गडद माइल्डचा विचार केला आहे. पिंपातील इतर एलप्रमाणे, म्हणजे वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवलेल्या बिअरप्रमाणे, ही बिअरदेखील ब्रूअरीतून पूर्णपणे तयार होऊन बाहेर पडत नाही. तिची उरलेली घडण पबच्या तळघरात होते. त्यामुळे तिचा आस्वाद घेताना ती बनवणाऱ्याइतकीच ती सांभाळणाऱ्याचीही पारख होते.

इतिहास : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत माइल्ड ही बिअरची वेगळी जात मानली जात नसे. तयार झाल्यावर थोड्याच आठवड्यांत प्यायल्या जाणाऱ्या कोणत्याही ताज्या बिअरला माइल्ड म्हणत. तिच्या उलट टोकाला मोठ्या लाकडी टाक्यांत महिनोन्‌महिने राहून आंबूस झालेली जुनी बिअर असे. लंडनमधील पोर्टर या गडद बिअरच्या कारखानदारांनी या टाक्यांचा आकार अवाढव्य केला होता. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यूक्स ब्रूअरीतील अशी एक टाकी फुटली आणि बिअरच्या लोंढ्यात आठ जण मृत्युमुखी पडले. बिअर जुनी करण्यात भांडवल अडकून राही. ताज्या बिअरमुळे पैसा लवकर मोकळा होई. ग्राहकांची आवडही आंबूस चवीकडून ताज्या, गोडसर चवीकडे वळली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माइल्डने लंडनमध्ये पोर्टरला मागे टाकले. पिंपांवर एक्स, दोन एक्स, तीन एक्स अशा खुणा करून तिची प्रत दर्शवली जाई. ही माइल्ड आजच्यापेक्षा बरीच तीव्र असे आणि अनेकदा फिकट रंगाची असे.

आजचे रूप तिला कायदा आणि युद्ध यांनी दिले. १८८० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील (मोड आणून वाळवलेल्या धान्यावरील) कर काढून तो बिअरवर बसवला. त्याबरोबर साखर व इतर धान्ये वापरण्याची मोकळीक ब्रूअरींना मिळाली. गडद साखर आणि भाजलेले माल्ट यांच्या साहाय्याने रंग व चव घडवणे त्यामुळे सोपे झाले. पहिले महायुद्ध सुरू होताच, नोव्हेंबर १९१४ मध्ये, प्रमाणित पिंपावरील कर ७ शिलिंग ९ पेन्सवरून २३ शिलिंग झाला. १९२० पर्यंत तो १०० शिलिंगांवर पोहोचला. धान्याची टंचाई आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मद्यपानावर आलेले निर्बंध यांची त्यात भर पडली. ब्रिटिश बिअरच्या वॉर्टची, म्हणजे किण्वनापूर्वीच्या गोड द्रवाची, सरासरी सापेक्ष घनता १९१४ मध्ये सुमारे १.०५२ होती; १९१८ मध्ये ती सुमारे १.०३० वर आली. युद्ध संपल्यावरही माइल्डचा पूर्वीचा जोर परतला नाही. कमी मद्यांशातही भरदार चव कशी टिकवायची, हा तेव्हापासून माइल्ड बनवणाऱ्यांपुढचा मुख्य प्रश्न राहिला आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्यानंतरही काही काळ माइल्ड ही कामकरी वर्गाची रोजची बिअर होती. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा कोळसा व लोखंडाचा पट्टा, म्हणजे ब्लॅक कंट्री, तसेच लँकेशर आणि दक्षिण वेल्स येथे खाण व भट्टीवरचे घामाघूम कामगार ती पाइंटामागून पाइंट पीत. १९६० च्या दशकापर्यंत बिटर या फिकट व कडवट बिअरने तिला मागे टाकले. अवजड उद्योग बसले, माइल्ड म्हणजे म्हाताऱ्यांचे स्वस्त पेय असा समज पसरला आणि सांडलेली बिअर गडद माइल्डमध्ये परत ओतली जाते, असा संशयही ग्राहकांच्या मनात घर करून राहिला. त्याच काळात गाळलेली, पाश्चरीकरण केलेली आणि वायूच्या दाबाने वाढली जाणारी केग बिअर सर्वत्र पसरली. तिच्या विरोधात १९७१ मध्ये चार इंग्रज तरुणांनी ग्राहक-चळवळ सुरू केली. ती 'कॅमरा' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. ज्या पिंपातून वाढली जाते त्याच पिंपात मुरलेल्या बिअरसाठी 'रिअल एल' ही संज्ञा याच चळवळीने रूढ केली.

भारतात माइल्डचा प्रसार झाला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबई व कोलकाता येथे उतरणारी इंग्रजी बिअर प्रामुख्याने गोऱ्या सैनिकांसाठीची पोर्टर आणि अधिकारी व व्यापाऱ्यांसाठीची, हॉप या कडवटपणा देणाऱ्या फुलांनी युक्त पेल एल ही होती. ताजेपणावरच जगणारी, कमी हॉपची माइल्ड महिनोन्‌महिन्यांच्या सागरी प्रवासाच्या कामाची नव्हती.

घटक व निर्मिती : मूळ घटक बार्लीचे फिकट माल्ट हा असतो. त्यात क्रिस्टल माल्ट घातल्याने टॉफीसारखी गोडी आणि तांबूस छटा येते. चॉकलेट माल्ट किंवा काळे माल्ट थोडेसे घातले तरी रंग गडद होतो आणि कॉफी व करपलेल्या पावाचा वास येतो. माल्ट न जाळता काळे होईपर्यंत भाजण्याचे फिरते पिंप डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये पेटंट केले. इंग्लंडमधील गडद बिअरचा रंग त्यानंतर याच माल्टवर अवलंबून राहू लागला. अनेक ब्रूअरी गडद इन्व्हर्ट साखर वापरतात. तिच्यामुळे मनुका आणि काकवीची आठवण करून देणारी चव येते. हॉप बहुधा फगल किंवा गोल्डिंग्ज या जुन्या इंग्रजी वाणांचे आणि बेताचेच घालतात.

दळलेले माल्ट सुमारे ६७ अंश से. तापमानाच्या पाण्यात भिजवले जाते. हे तापमान किंचित चढे ठेवले, की यीस्टला पचवता न येणाऱ्या शर्करा अधिक उरतात आणि मद्यांश कमी असूनही बिअर जिभेला पाणचट लागत नाही. पाण्यात क्लोराइडचे प्रमाण अधिक असले, तर माल्टची गोडी भरीव होते. सल्फेट अधिक असले, तर हॉपचा कडवटपणा धारदार होतो. म्हणून बर्टन येथील जिप्समयुक्त पाणी पेल एलला मानवले, तसे ते माइल्डला मानवत नाही. किण्वन वर तरंगणाऱ्या यीस्टने सुमारे २० अंश से. तापमानाला काही दिवसांत पूर्ण होते.

पिंपातील मुरणे : किण्वन संपत आल्यावर थोडी साखर व जिवंत यीस्ट शिल्लक असतानाच बिअर पिंपात भरतात. सर्वांत प्रचलित पिंप म्हणजे ९ गॅलनचे (सुमारे ४१ लिटर) फर्किन. त्याच्या निम्म्या आकाराच्या पिंपाला पिन म्हणतात, तर दुप्पट आकाराच्या पिंपाला किल्डरकिन. पूर्वी ओकच्या लाकडाची असलेली पिंपे आता बहुतांशी पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची असतात. गाळ खाली बसावा म्हणून माशाच्या वाताशयापासून केलेला आइसिंग्लास हा पदार्थ त्यात घालतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घोळ माशाचे असेच वाताशय 'बोत' या नावाने मोठ्या किमतीला विकले जाते. प्राणिज पदार्थ टाळण्यासाठी काही ब्रूअरी आता आइसिंग्लास वापरत नाहीत. त्यांची बिअर थोडी धूसर दिसू शकते.

पबमध्ये आल्यावर पिंप तळघरातील घडवंचीवर आडवे ठेवतात आणि हलू नये म्हणून पाचरी ठोकतात. पोटाच्या बाजूच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी बसवली, की साचलेला कार्बन डायऑक्साइड फेसासह बाहेर पडू लागतो. हा फसफसाट मंदावल्यावर घट्ट खुंटी मारून उरलेला वायू आत राखतात. केव्हा एक खुंटी काढून दुसरी मारायची, हे ठरवणे हेच तळघर सांभाळणाऱ्याचे कसब. घाई केली, तर बिअर कच्ची व गढूळ राहते. उशीर केला, तर ती मलूल होते. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश से. राखतात. बिअर काढू लागल्यावर रिकाम्या जागेत हवा शिरते, म्हणून पिंप साधारण तीन दिवसांत संपवावे लागते.

वाढणे : गल्ल्यावरील लांब मुठीचा हातपंप तळघरातील बिअर वर खेचतो, मुठीच्या एका ओढीत बहुधा अर्धा पाइंट बिअर येते. उत्तर इंग्लंडमध्ये नळीच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती बसवतात. तिच्यामुळे बिअर घुसळली जाऊन दाट, सायीसारखा फेस येतो. मात्र विरघळलेला वायू कमी होऊन कडवटपणा मवाळ होतो. दक्षिणेत ही चकती सहसा वापरत नाहीत, त्यामुळे फेस पातळ राहतो. एकाच पिंपातील माइल्ड या दोन पद्धतींनी वाढली, तर चवीत स्पष्ट फरक जाणवतो; दोहोंपैकी कोणती योग्य, यावर उत्तर-दक्षिण वाद जुना आहे.

आस्वाद : प्रथम रंग पाहतात. चांगली गडद माइल्ड समोरून काळपट तपकिरी दिसते, पण पेला दिव्यासमोर धरला, की कडेला माणकासारखी लाल झाक येते. बहुतेक गडद माइल्ड अपारदर्शक नसतात. मात्र रंगामुळे सौम्य गढूळपणा लपतो, म्हणून फिकट बिअरपेक्षा येथे डोळ्यांवर कमी आणि नाकावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

वासात भाजलेला पाव, टॉफी, काकवी, मनुका, ज्येष्ठमध यांपैकी काही छटा ओळखता येतात. त्यामागे यीस्टमुळे आलेला हलका फळांचा वास असतो. हॉपचा वास पुढे येत नाही. बिअर फार थंड असेल, तर यांतले फारसे काही जाणवत नाही. तळघरातल्या तापमानाला वाढलेली माइल्ड पेल्यात हळूहळू कोमट होते आणि तिचे वास उलगडत जातात. त्यामुळे पहिल्या घोटावरून निकाल देण्याची घाई जाणकार करत नाहीत.

चवीत आधी सौम्य गोडी, मग भाजल्याचा कोरडेपणा आणि शेवटी अल्प कडवटपणा असा क्रम असतो. घोट गिळल्याशिवाय हा क्रम पुरा होत नाही, म्हणून वाइनप्रमाणे थुंकून बिअरची परीक्षा करत नाहीत. पिंपातील बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड केग बिअरच्या सुमारे निम्माच असतो. तो जिभेला टोचत नाही, पण मुळीच नसेल तर बिअर निर्जीव लागते. जिभेवर हलकी चुणचुण जाणवली, तर पिंप नीट सांभाळले असे समजतात. उत्तम माइल्डची कसोटी दुसऱ्या पाइंटाला लागते : गोडीचा कंटाळा येऊ नये, पाणचटपणा जाणवू नये आणि डोके जड होऊ नये.

दोषांपैकी व्हिनेगरचा आंबटपणा हा पिंप जास्त दिवस उघडे राहिल्याचे किंवा नळ्या अस्वच्छ असल्याचे लक्षण होय. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिजनमुळे, हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या मुरण्यामुळे, तर लोणी-साखरेचा उग्र वास किण्वनात तयार होणाऱ्या डायॲसिटिल या संयुगामुळे येतो. डायॲसिटिलची अल्प मात्रा काही इंग्रजी एलमध्ये चालवून घेतली जाते. खराब बिअर गल्ल्यावर परत देऊन बदलून मागणे इंग्लंडच्या पबमध्ये शिष्टसंमत आहे.

कॅमराचे सदस्य पबमधील बिअरला ० ते ५ गुण देतात. हे गुण ती बिअर आवडली की नाही यासाठी नसतात. ती कोणत्या स्थितीत वाढली गेली, हे त्यांतून नोंदवले जाते.

माइल्डबरोबर पोर्क पाय, डुकराच्या सालीचे कुरकुरीत तळलेले तुकडे, चीज-कांदा भरलेला गोल पाव असे साधे पदार्थ खातात. ब्लॅक कंट्रीत वाटाण्यांबरोबर खिम्याचे मसालेदार गोळेही चालतात. माइल्ड व बिटर समप्रमाणात एकत्र करून पिण्याची जुनी रीतही आहे.

उल्लेखनीय माइल्ड : ब्लॅक कंट्रीतील सेजली येथील बीकन हॉटेलमागच्या छोट्या ब्रूअरीची सारा ह्यूज डार्क रूबी माइल्ड ६ टक्के मद्यांशाची असून महायुद्धपूर्व माइल्डची कल्पना तिच्यावरून येते, ही बंद पडलेली ब्रूअरी १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच परिसरातील बॅथम्स आणि होल्डन्स या ब्रूअरींच्या माइल्ड नेहमीच्या कमी मद्यांशाच्या आहेत. ब्रिटनची सर्वोत्तम बिअर हा कॅमराचा किताब मूरहाउसेसच्या ब्लॅक कॅटने २००० मध्ये, हॉब्सन्स माइल्डने २००७ मध्ये आणि रडगेट रूबी माइल्डने २००९ मध्ये पटकावला.

सद्यःस्थिती : मे महिन्यात माइल्डचा खास प्रचार करण्याची कॅमराची प्रथा असली, तरी बहुतेक पबमध्ये ती कायम उपलब्ध नसते. फर्किनमध्ये ७२ पाइंट असतात. गाळ वजा जाता उरलेले तीन दिवसांत खपले नाहीत, तर शेवटच्या गिऱ्हाइकांना आंबूस बिअर मिळते आणि मागणी आणखी घटते. काही ब्रूअरी म्हणून ती पिनमध्ये भरून देतात. दुसरीकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये ३.५ टक्क्यांहून कमी मद्यांशाच्या बिअरला कराचा बराच कमी दर लागू झाला. शतकापूर्वी करानेच माइल्डला सौम्य केले होते. आता त्याच सौम्यपणाला कराची सवलत आहे. तिचा लाभ मात्र जिथे पिंप वेळेत रिकामे होते, अशाच पबमधून ग्राहकाच्या पेल्यापर्यंत पोहोचतो.