दोन भाऊ आणि एक औषधी शर्करा

साखर म्हटली की आपल्याला चहाचा कप आठवतो. रसायनशास्त्रात मात्र शर्करांचे कुटुंब फार मोठे आहे, आणि त्यातल्या काही चक्क जिवाणूंचा काळ ठरतात. श्रोतेहो, आज अशाच एका औषधाची आणि जपानमधल्या दोन भावांची हकिकत सांगायची आहे.

धाकटे हमाओ उमेझावा. १९५७ साली त्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून कॅनामायसिन हे प्रतिजैविक मिळवले. मधे एक कडे आणि त्याला जोडलेल्या दोन अमिनो शर्करा, अशी त्याची घडण. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे क्षयाचे जंतूही त्याने मरत. पण त्याच सुमारास जपानमध्ये हगवणीचे जंतू एकेक औषध पचवू लागले होते. ही ताकद एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, हे तिथल्याच संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवले. कॅनामायसिनही यातून सुटले नाही. जंतू नेमके करतात काय? १९६७ साली हमाओंच्या गटाला उत्तर सापडले. जंतू औषध फोडत नाहीत. शर्करेवरच्या एका ठरावीक हायड्रॉक्सिल गटाला फॉस्फेट चिकटवतात. तेवढ्याने औषध निकामी!

इथे थोरले भाऊ सुमिओ पुढे येतात. ते केईओ विद्यापीठातले शर्करांचे रसायनज्ञ. १९६८ साली त्यांच्या गटाने कॅनामायसिन प्रयोगशाळेत घडवले होते. हे काम किती किचकट, याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. शर्करेवर हायड्रॉक्सिल गट दाटीवाटीने बसलेले, आणि स्वभावाने जवळजवळ सारखे. एकाला हाक मारावी तर सगळेच ओ देतात! म्हणून नको असलेल्यांची तोंडे आधी बांधायची, हव्या त्या ठिकाणी जोड द्यायचा, आणि शेवटी सगळ्या बांधण्या सोडायच्या. त्यातही जोडाची दिशा चुकली की पदार्थ वेगळाच होतो.

हा हात बसला असल्यामुळेच पुढची युक्ती साधली. जंतू ज्या गटाला धरतो तो गटच काढून टाकला तर? मग त्याने फॉस्फेट चिकटवावे कशाला? १९७१ मध्ये कॅनामायसिन-बी या भावंड रेणूतून तो आणि शेजारचा असे दोन गट काढून दोघा भावांच्या गटांनी डायबेकासिन तयार केले. फॉस्फेट चिकटवणाऱ्या जंतूंवर ते चालले. त्यातूनच पुढे आर्बेकासिन निघाले. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी ते १९९० पासून जपानमध्ये वापरात आले. औषधाच्या इतिहासात नाव होते ते सहसा मातीतून रेणू शोधणाऱ्याचे. माझ्या मते सुमिओंचा वाटा तितकाच मोठा आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. कॅनामायसिन आतल्या कानातल्या नाजूक पेशी मारते, आणि गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही. २००७ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातेत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर सरकारी उपचार सुरू झाले, तेव्हा रुग्णांना याच कॅनामायसिनची इंजेक्शने सहा ते नऊ महिने घ्यावी लागत. जीव वाचला, पण कान गेले, असे कितीतरी जण. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या क्षयाच्या उपचारातून कॅनामायसिन वगळण्याची सूचना केली. त्याची जागा आता पोटात घेण्याच्या गोळ्यांनी घेतली आहे.