धन्याचा अर्ज

न्यूयॉर्क शहरातील 'होली ट्रिनिटी' नावाच्या एका चर्चने १८८७ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील ई. वॉलपोल वॉरेन या धर्मोपदेशकाशी करार करून त्यांस आपले पाद्री म्हणून आणविले, आणि या सर्वस्वी सात्त्विक दिसणाऱ्या कृत्याबद्दल खुद्द अमेरिकेच्या सरकारने त्या चर्चवर खटला भरला. अपराध एवढाच की, पाद्रीबोवांनी बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी त्यांच्या नोकरीचा ठराव झालेला होता. ज्या नेमणुकीच्या कागदावाचून आज आमच्या पुण्या-मुंबईच्या तरुणास 'एच-वन' व्हिसा लाभत नाही, तसलाच कागद त्या काळी गुन्ह्याचा पुरावा म्हणून न्यायासनापुढे मांडला जात असे.

या खटल्यामागील कायद्याचे मूळ समजून घ्यावयाचे तर यादवी युद्धाच्या काळापर्यंत मागे जावे लागते. युद्धामुळे मनुष्यबळाची चणचण भासू लागली तेव्हा, लिंकनच्या कारकिर्दीत, १८६४ साली, परदेशी मजुराने प्रवासखर्चाच्या फेडीसाठी आपले बारा महिन्यांपर्यंतचे वेतन गहाण टाकण्याचा करार कायदेशीर ठरविण्यात आला. ती सवलत चारच वर्षांत रद्द झाली, तरी करारावर माणसे आणण्याचा प्रघात काही थांबला नाही. आणि संपावर गेलेल्या कामगारांच्या जागी युरोपातून स्वस्त मजूर आणून मालक संप मोडतात, ही तक्रार 'नाइट्स ऑफ लेबर' या संघटनेने व तिचा पुढारी टेरेन्स पाउडर्ली याने इतक्या नेटाने चालविली की, ओहायोचे प्रतिनिधी मार्टिन फोरन यांच्या पुरस्काराने पुढे आलेल्या विधेयकावर अध्यक्ष आर्थर यांची २६ फेब्रुवारी १८८५ रोजी सही होऊन परदेशी माणसास करारबद्ध करून आणणे हा दर माणशी हजार डॉलर दंडास पात्र असा गुन्हा ठरला. नट, गवई, व्याख्याते, घरगुती नोकर आणि देशात अद्याप न रुजलेल्या धंद्यांतील कुशल कारागीर एवढ्यांना त्यातून मोकळीक होती. विधिमंडळास गवयाची आठवण राहिली, पाद्र्याची राहिली नाही!

१८९२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने चर्चची सुटका केली. कायद्याच्या अक्षरांत सापडणारी गोष्ट त्याच्या हेतूतही सापडतेच असे नाही, आणि विधिमंडळाचा कटाक्ष अंगमेहनतीच्या मजुरांवर होता, धर्मोपदेशकांवर नव्हे, असा न्यायमूर्ती ब्रूअर यांचा अभिप्राय पडला. अक्षर मोठे की हेतू मोठा, या वादात तो निवाडा अमेरिकेतील वकीलमंडळी अजूनही पुढे करतात. मला त्या खटल्यात निराळीच गोष्ट लक्षणीय वाटते. ज्यांच्या येण्यावरून एवढे रण माजले, ते वॉरेन त्या दाव्यात ना वादी होते ना प्रतिवादी. वाद सरकार आणि धनी यांच्यातला. माणूस केवळ वादाचा विषय.

त्याच वर्षी एलिस बेट उघडले, आणि पाद्र्यास लाभलेला उदार अर्थ तेथे उतरणाऱ्या मजुरांच्या वाट्यास आला नाही. काम आधीच ठरले आहे, असे जो प्रांजळपणे सांगे तो करारबंदीच्या कलमाखाली परतीच्या बोटीत बसे. आणि ज्याच्याकडे पाहून याला काम मिळणे दुरापास्त आहे असे अंमलदारास वाटे, तो सरकारवर भार पडेल म्हणून परत जाई. अंगात कष्टाची ताकद आहे पण कोणाशी काही ठरलेले नाही, एवढे एकच उत्तर सुरक्षित होते. या कायद्यासाठी झगडलेला पाउडर्ली पुढे १८९७ मध्ये ही तपासणी करणाऱ्या इमिग्रेशन खात्याचाच मुख्य अधिकारी झाला.

आमच्या लोकांना तर काम ठरले आहे की नाही, हा प्रश्न विचारला जाण्याचीही वेळ फारशी आली नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा हिंदुस्थानातून येणाऱ्याकडे परवाना मागण्याचा कायदाच नव्हता. पण १९१७ मध्ये आशियाचा बहुतेक भाग वर्ज्य ठरला, १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या दाव्यात हिंदी माणसास नागरिकत्व नाकारले गेले, आणि १९४६ मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाला शंभर माणसांपुरते.

खरा पालट झाला तो १९५२ च्या कायद्याने. अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार मोडून संमत झालेल्या या कायद्याने जुनी करारबंदी उठविली, आणि असामान्य गुणवत्तेच्या परदेशी माणसास तात्पुरत्या कामासाठी येऊ देणारा 'एच-वन' हा वर्ग निर्माण केला. मात्र त्यासाठी अर्ज करावयाचा तो माणसाची 'आयात' करणाऱ्या मालकाने, अशी खुद्द कायद्याचीच भाषा होती. काल जो करार अपराध होता तो आज प्रवेशाची अट बनला, पण अर्जावर सही धन्याचीच राहिली. १९७० मध्ये काम तात्पुरते असण्याची अट गेली, आणि १९९० मध्ये 'एच-वन-बी' अवतरला: पदवीधराचे विशेष ज्ञान, जास्तीत जास्त सहा वर्षे, वर्षाला ६५,००० जागा. मालकाने प्रचलित वेतन देण्याची लेखी हमी मजूरखात्यास द्यावयाची, आणि कामाच्या जागी संप वा टाळेबंदी चालू नाही हेही लिहून द्यावयाचे. शंभर वर्षांमागील 'नाइट्स ऑफ लेबर'चे भय त्या छापील नमुन्यात असे अजून जपून ठेवलेले आहे.

मग संगणकाच्या दोन आकडी सालांनी २००० चा घोर लावला, आणि मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी पाठविलेल्या प्रोग्रामरांची रीघ ब्रीच कँडीवरील अमेरिकन वकिलातीच्या, म्हणजे 'लिंकन हाउस'च्या, फाटकाशी लागू लागली. ६५,००० ची मर्यादा अपुरी पडून ती आधी १,१५,००० आणि पुढे तीन वर्षांपुरती १,९५,००० झाली. २००४ मध्ये ती मूळपदावर आली, फक्त अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या निघाल्या, आणि मागणी फार वाढल्यावर निवड 'लॉटरी'वर गेली. गुणवत्तेच्या नावाने जन्मलेल्या परवान्याची सोडत निघावी, ही विसंगती मला तरी अजून पचलेली नाही.

व्हिसा लागल्याचे पेढे वाटणाऱ्या घरांना त्यातील बंधनाची कल्पना क्वचितच असे. २००० पूर्वी नोकरी बदलावयाची तर नव्या मालकाचा अर्ज मंजूर होईतो थांबणे भाग होते. त्या साली नुसता अर्ज दाखल होताच रुजू होण्याची मुभा मिळाली. नोकरी गेली की वास्तव्याचा आधारच जाई, आणि साठ दिवसांपर्यंतची सवड २०१७ पासूनची. 'एच-फोर' या आश्रितांच्या व्हिसावर गेलेल्या पत्नीस, ती स्वतः अभियंता वा डॉक्टर असली तरी, कामाचा हक्क नव्हता. २०१५ मध्ये तो काहींना मिळाला, तोही पतीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण पुढे सरकले असेल तर. आणि त्या ग्रीन कार्डाचा अर्जही बहुधा मालकानेच करावयाचा असतो.

२०२५ च्या सप्टेंबरात अध्यक्षीय फर्मान निघून परदेशातून 'एच-वन-बी'वर नवा माणूस आणू इच्छिणाऱ्या मालकावर एक लाख डॉलरांचा भरणा बसविण्यात आला. १८८५ चे हजार डॉलरही मालकाकडूनच वसूल व्हावयाचे होते.