एकच प्रत

मेजर रॉबर्ट गिल हे नाव निघाले की मराठी माणसाला आधी पारो आठवते. अजिंठा गावातली तिची १८५६ सालची कबर पाहून आपण हळहळतो आणि परततो. वाचकहो, आज मला तुमच्याशी गिलच्या दुसऱ्या ध्यासाविषयी बोलायचे आहे. तो त्याला पन्नाशी ओलांडल्यावर लागला. तो ध्यास छायाचित्रणाचा.

गिलचा जन्म १८०४ चा. मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले गेले. लेणी तेव्हा आपल्या निजामाच्या मुलखात होती. १८१९ मध्ये जॉन स्मिथने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरले, त्याला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. वाघूर नदीच्या त्या नालाकृती खोऱ्यात वटवाघळे, ओल आणि अंधार. तिथे गिलने वर्षानुवर्षे बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्रे उतरवली आणि ती लंडनला रवाना केली.

मग त्याच्या हाती कॅमेरा आला. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच जवळच्या काळोख्या तंबूत ते धुवायचे, अशी रीत होती. उन्हाळ्यात लेप काही मिनिटांतच वाळे. शिवाय त्या रसायनाला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. अजिंठ्याची चित्रे तर गेरूची आणि पिवळ्या मातीची. ती काचेवर काळीठिक्कर उमटली असती. त्यामुळे रंगाचे काम कुंचल्याकडेच राहिले. कॅमेऱ्याने टिपले ते दर्शनी भाग, खांब, चैत्यगवाक्षे, वेरूळची लेणी, लोणारची ओस पडलेली देवळे.

१८६४ मध्ये लंडनमध्ये या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. दोन्हींतला मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. एकात कोरीव लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, दुसऱ्यात १०० जोडचित्रे, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खोली दिसावी अशी.

आणि ३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तिथे टांगलेली गिलची बहुतेक तैलचित्रे जळून गेली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्सने पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. नकला करताना चित्रे उजळावीत म्हणून मूळ भिंतींवर लावलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले, ते वेगळेच.

वाचकहो, इथे थोडे थांबा. ज्या कामावर गिलची उमेदीची वर्षे गेली, त्याची प्रत एकच होती. उतारवयातल्या ध्यासाच्या प्रती मात्र घरोघरी, ग्रंथालयोग्रंथालयी गेल्या होत्या. म्हणून गिलचा अजिंठा आज आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्या छायाचित्रांत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मुलाने आपला जुना कॅमेरा मला दिला. पहिला फोटो काढला वेरूळच्या इंद्रसभेत, दर्शनाला गेलो असताना. मग दवाखान्याला सुट्टी म्हणून रविवारी हैदराबादच्या जुन्या शहरात भटकू लागलो. एका मराठी कुटुंबाच्या ओस पडलेल्या वाड्यात तीन वर्षे जात राहिलो. कमानी, कोरलेल्या तुळया, माडीवर चढलेली पिंपळाची मुळे. शेकडो फोटो, सगळे एकाच डिस्कवर. एके दिवशी ती डिस्क उघडेना. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. मी पुन्हा वाड्याकडे गेलो, तर तिथे पत्र्याचे कुंपण आणि आत खड्डा.

त्या घरच्या एक आजी माझ्याकडे औषधाला येत. त्यांनी एकदा म्हटले होते, "डॉक्टर, कमानींचं काय करू? माझी चूल नि माजघर दाखवा की." केवळ त्यांच्या आग्रहाखातर मी अकरा फोटो छापून दिले होते: चुलीचा ओटा, माजघरातले झोपाळ्याचे कडे, रहाटाची विहीर, तुळशीवृंदावन. कला म्हणून त्यांतला एकही मला आवडला नव्हता. आज त्या वाड्याचे जगात एवढेच अकरा फोटो आहेत. आजी गेल्या, त्यांच्या सुनेने मला ते पुन्हा पाहू दिले. मागच्या बाजूला आजींनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, कोणत्या खोलीत कोण जन्मले, कोण गेले.

दवाखान्यात रुग्णाची हकिकत लिहिताना मी एकही बारीक लक्षण सोडत नाही. कॅमेरा हाती आल्यावर मात्र मला फक्त देखणे तेवढेच दिसत होते.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसे. आपले वाडे, मठ, बस्त्या, देवड्या एकेक करून जात आहेत. तुम्ही फोटो काढता, हे मला ठाऊक आहे. माझे मागणे एवढेच: छापून घ्या, तीन घरी द्या, आणि मागे नाव, गाव, साल लिहा. स्वयंपाकघराचाही एक काढा.