दूरवाणीनगरचा टेलिफोन: स्थिर दाब की स्थिर धारा?

बंगळुरूच्या के. आर. पुरम परिसरात दूरवाणीनगर आहे. कन्नडमध्ये दूरवाणी म्हणजे टेलिफोन. 1948 साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना येथलाच. (महाराष्ट्रात आयटीआय म्हटले की प्रशिक्षण संस्था आठवते; ही आयटीआय निराळी.) येथे ब्रिटिश धर्तीची स्ट्राउजर टेलिफोन केंद्रे तयार होत.

अशा केंद्रातील बॅटरी सुमारे 50 व्होल्टचा दाब स्थिर राखी. मात्र ग्राहकाची तारजोडी तिला थेट जोडलेली नसे. मध्ये प्रत्येकी 200 ओहमची दोन वेटोळी असत. एकाचे बोलणे सामाईक बॅटरीतून दुसऱ्याच्या तारेत उतरू नये, हे त्यांचे मुख्य काम. दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. केंद्राच्या दाराशीच तारा एकमेकींना चिकटल्या, तरी धारा 50 भागिले 400, म्हणजे 125 मिलिअँपिअरपुढे जात नसे. तार आणि टेलिफोन मिळून रोध 300 ओहम असल्यास 71 मिलिअँपिअर, 1200 असल्यास 31. रोध चौपट, धारा मात्र निम्म्याहून थोडी कमी. हा पुरवठा ना निखळ स्थिर दाबाचा, ना निखळ स्थिर धारेचा.

विद्यार्थ्यांना स्थिर दाब स्वाभाविक वाटतो आणि स्थिर धारा हा प्रयोगशाळेतला अपवाद. इतिहास तसे सांगत नाही. 29 एप्रिल 1879 रोजी चार्ल्स ब्रश यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या चौकात 12 कमानी दिवे लावले, ते एकाच धारेवर, एकसरीत. विद्युत्कमानीत धारा वाढली की दाब उतरतो. स्थिर दाबावर ती अनावर होते. म्हणून धाराच बांधून ठेवावी लागे. पण अशा मंडलात एक दिवा तुटला तर सारा चौक अंधारात, आणि धारा टिकवू पाहणारे जनित्र तुटल्या जागी दाब चढवणार. म्हणून प्रत्येक दिव्याला आपोआप जुळणारी पर्यायी वाट द्यावी लागली.

एडिसन यांच्या पर्ल स्ट्रीट केंद्राने 1882 साली सुमारे 110 व्होल्ट स्थिर ठेवून दिवे समांतर जोडले. शेजाऱ्याने दिवा मालवला तरी आपला जळत राही. घरांना हेच सोयीचे होते. आपल्या भिंतीतला प्लग त्याच वाटेने आला.

धारेची गरज मात्र संपली नाही. एलईडीमध्ये दाब किंचित वाढला तरी धारा कितीतरी वाढते. म्हणून तिचा ड्रायव्हर धारा सांभाळतो. मोबाइलच्या लिथियम बॅटरीला तर दोन्ही लागतात: आधी स्थिर धारा, मग दाब बहुधा 4.2 व्होल्टला पोचल्यावर तो तेथेच रोखून धारा हळूहळू ओसरू द्यायची. शेवटचे काही टक्के भरायला इतका वेळ लागतो तो यामुळेच.