दरवेशी, कळप आणि एकटा प्रवासी

युरोपच्या प्रवासाची भाषा सुरू झाली की आपल्या सुशिक्षित वर्तुळात एक प्रश्न हमखास निघतो : टूर कंपनीबरोबर जायचे की आपले आपण? प्रश्न व्यवहाराचा वाटतो. खर्च, रजा, व्हिसा, जेवणखाण ह्यांचा. परंतु उत्तर देणाऱ्याच्या स्वरात व्यवहारापलीकडचेही काही ऐकू येते. 'आमचे आम्हीच गेलो' हे वाक्य थोड्या ताठ मानेने उच्चारले जाते. 'टूरबरोबर गेलो' ह्या वाक्यामागून बहुधा एखादे स्पष्टीकरण येते : आईवडील बरोबर होते, पहिलीच वेळ होती. हा संकोच कोठून आला? आमच्या मते तो प्रवासाच्या अनुभवातून कमी आणि वाचनातून अधिक आला आहे. म्हणूनच साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज उमरावांची मुले शिक्षणाचा शेवट म्हणून फ्रान्स व इटलीत वर्ष-दोन वर्षे काढीत. ह्या 'ग्रँड टूर'ला आपण स्वतंत्र प्रवासाचा आदर्श समजतो. वस्तुतः त्या मुलांबरोबर सहसा एक शिक्षक असे. काय पाहावे, कोणाला भेटावे, पैसा किती खर्चू द्यावा हे तो पाही. इंग्रजीत त्याला थट्टेने जे नाव पडले, ते आपल्या 'दरवेशी' ह्या शब्दात नेमके उतरते : दोरी धरून अस्वल हिंडवणारा. ॲडम स्मिथने १७६४ साली ग्लासगोची प्राध्यापकी सोडून हेच काम पत्करले. तरुण ड्यूक ऑफ बक्लूला घेऊन तो तूलूझ, जिनीव्हा, पॅरिस असा हिंडला आणि १७६६ साली परतला. मोबदला होता वर्षाला ३०० पौंड आणि पुढे तहहयात तेवढेच निवृत्तिवेतन. दहा वर्षांनी 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये मात्र त्याने नोंदवले की, असा परदेशी धाडलेला तरुण बहुधा अधिक घमेंडखोर आणि अधिक उधळा होऊन घरी येतो. म्हणजे युरोप पाहण्याची ही प्रतिष्ठित रीतही मार्गदर्शकाच्या हाताला धरूनच चालत होती. फरक एवढाच, की तेथे एका प्रवाशामागे एक मार्गदर्शक होता. ती चैन परवडणारे फार थोडे होते.

टॉमस कुकने ही वाटणी उलटी केली. ५ जुलै १८४१ रोजी ह्या मद्यपानविरोधी कार्यकर्त्याने सुमारे ५०० माणसे लेस्टरहून लफबरोला सभेसाठी खास गाडीने नेली. दर माणशी एक शिलिंग. १८५५ साली, पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्याने पहिली सहल युरोपच्या भूमीवर नेली. १८६३ साली स्वित्झर्लंड आणि १८६४ साली इटली त्याच्या कार्यक्रमात आले. त्याच्याबरोबर जाणारे उमराव नव्हते. ते शिक्षक, कारकून, दुकानदार आणि धर्मोपदेशक होते. स्त्रियाही पुष्कळ होत्या. घरच्या पुरुषावाचून परदेशी जाणे ज्यांना अशक्यच होते, त्यांना कुकच्या नावामुळे ते शक्य झाले.

आणि नेमक्या ह्याच क्षणी 'कळप' ही उपमा जन्माला आली. इटलीत ब्रिटिश उपवाणिज्यदूत असलेला कादंबरीकार चार्ल्स लिव्हर ह्याने १८६५ साली 'ब्लॅकवुड्स' मासिकात टोपणनावाने लेख लिहून ह्या सहलकरांची यथेच्छ टवाळी केली. रस्त्यातून चाललेला घोळका आणि त्याच्या मागेपुढे घिरट्या घालणारा, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यासारखा संचालक हे चित्र त्याचेच. त्याच्याही आधी, १८४९ साली, रस्किनने आगगाडी माणसाचे पार्सल करून टाकते अशी तक्रार केली होती. कुकने लिव्हरला छापील उत्तर दिले. त्याचा आशय असा, की जगातील रम्य स्थळे निवडक लोकांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. आज लिव्हरच्या कादंबऱ्या फारसे कोणी वाचत नाही, पण त्याची उपमा अजून आपल्या तोंडी आहे.

ह्या कळपातल्या एका व्यक्तीचे म्हणणे आपल्याला उपलब्ध आहे. १८६३च्या स्वित्झर्लंडच्या सहलीत यॉर्कशरची जेमायमा मॉरेल ही तरुणी होती. तिने दैनंदिनी लिहिली. ती वाचली की मेंढरांचे चित्र टिकत नाही. ही मंडळी पहाटे उठून निघत, पायघोळ झग्यांनिशी घाट चढत, खेचरांवरून जात आणि रिगीच्या माथ्यावर सूर्योदय पाहायला उभी राहत. कुक स्वतः काही दिवसच बरोबर होता. पुढचा मार्ग त्यांनी आपल्या हिमतीने पार पाडला. टवाळीचा लेख ताबडतोब मासिकात आला. ही दैनंदिनी मात्र पुस्तकरूपाने १९६३ साली, म्हणजे १०० वर्षांनी, छापून निघाली. प्रवासाच्या इतिहासात कोणाचा आवाज ऐकू आला आणि कोणाचा नाही, हे ह्या दोन तारखांतून पुरेसे दिसते.

आता दुसरी बाजू. एकट्या प्रवाशाचे स्वातंत्र्यही सोवळे नव्हते. १८३६ साली लंडनच्या मरेचे मार्गदर्शक पुस्तक निघाले. पाठोपाठ जर्मनीत बेडेकरची पुस्तके आली. भाडोत्री वाटाड्यांच्या तावडीतून प्रवाशाला सोडवणे हा बेडेकरचा घोषित हेतू होता. वाटाड्या गेला खरा, पण त्याच्या जागी तारांकित यादी आली. ई. एम. फॉर्स्टरच्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' (१९०८) ह्या कादंबरीत ह्याची सुंदर गंमत आहे. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये लूसी बेडेकरवाचून एकटी पडते. रस्किनने वाखाणलेली समाधी नेमकी कोणती, हे तिला कळत नाही. त्याच चर्चमध्ये एक पाद्री आपल्या श्रोत्यांच्या घोळक्याला व्याख्यान देत असतो. पुस्तकाच्या आधाराने पाहणारी आणि पाद्र्याच्या तोंडून ऐकणारे, दोघेही परावलंबीच. लूसीला आनंद होऊ लागतो तो पुढे, काय आवडले पाहिजे ही चिंता सोडून ती नुसती पाहू लागते तेव्हा.

शिवाय एकट्याची साधनेही पुष्कळशी सहलवाल्यांनीच घडवली. हॉटेलची आगाऊ कूपने कुकने १८६८ साली काढली, युरोपच्या गाड्यांचे वेळापत्रक १८७३ साली आणि प्रवासी धनादेशाची पूर्वज म्हणता येईल अशी हुंडी १८७४ साली. ते वेळापत्रक पाठीवरच्या पिशवीत घालून विसाव्या शतकातले किती तरी तरुण 'स्वतंत्रपणे' युरोपभर हिंडले! मूळ ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली, परंतु तिने लावलेली सवय सर्वांच्याच अंगवळणी पडून गेली आहे.

कुकचे कार्यालय मुंबईत १८८१ सालीच आले होते, म्हणून हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. मराठीतले युरोपचे प्रवासवर्णन मात्र बहुतांशी एकट्याचे राहिले. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ची (१९६०) सारी गोडी एका माणसाच्या नजरेत आणि बोलण्यात आहे. पुढे परकीय चलनावरचे कडक निर्बंध सैल झाले. १९७३चा 'फेरा' जाऊन २००० साली 'फेमा' अमलात आला आणि मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांबरोबर निवृत्त शिक्षिका, बँकेतले कर्मचारी, आयुष्यात प्रथमच विमानात बसणारी जोडपी युरोपला जाऊ लागली. त्यांच्यावर विनोद पुष्कळ झाले : डब्यातल्या थेपल्यांवर, वरणभाताच्या आग्रहावर, दहा दिवसांत सात देश 'करण्यावर'. त्यांची स्वतःची जेमायमा आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही.

मग निवड कशी करावी? भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा मागताना मुक्कामाचे पत्ते आणि प्रवासाचा कार्यक्रम सादर करावाच लागतो. तेव्हा निर्हेतुक भटकंती ही आपल्याला तशीही पूर्णपणे उपलब्ध नाही. गुडघे दुखत असतील, भाषेची धास्ती असेल, घरून एकटीने निघणे सोपे नसेल, तर टूरबरोबर जाण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र तेथे हरवते काय, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एखाद्या चित्रापुढे पाय थबकले आणि बसची वेळ झाली, तर बस जिंकते. ज्याला तो थबकण्याचा वेळ हवा असेल त्याने एकट्याने जावे. पण भ्रमणध्वनीवरची दहा प्रेक्षणीय स्थळांची यादी संपवण्यासाठी नव्हे, कारण मग दरवेशी खिशात असतो इतकेच.

आणि सान्ता क्रोचेच्या दारात छत्री उंचावलेल्या संचालकामागे आपली माणसे दिसली, तर लिव्हरची उपमा ओठांवर येण्यापूर्वी त्यांच्यापैकी एखादीला, आज काय आवडले, एवढे विचारून पाहावे.